ठराव एकमताने झाला, पण त्या दिवशी कोणीच बोलले नाही: विचार नेमका बदलतो कधी?

द्राक्षवेल (तासगाव तालुका, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. एक प्रश्न गेले काही महिने मनातून जात नाही आणि गावात तो कोणाशी मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष एका गावाचा आहे असे मला वाटत नाही.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि १७ मे २०२२ रोजी राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर गावांनीही त्याच वाटेने जावे असे आवाहन केले, हे आपणांपैकी बहुतेकांना आठवत असेल. आमच्या गावानेही त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तसा ठराव घेतला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढून घेणे या गोष्टी गावात होणार नाहीत, असे त्या ठरावात स्पष्ट लिहिलेले आहे. मी सदस्य या नात्याने त्याचा सूचक होतो. ठराव वाचला तेव्हा टाळ्या वाजल्या, विरोधात एकही हात वर झाला नाही, आणि घरी परतताना आपल्या हातून काहीतरी चांगले घडले, याचे मला मनापासून समाधान वाटले होते.

गेल्या श्रावणात माझा चुलतभाऊ अल्पशा आजाराने गेला. वय ३९. मागे वहिनी, दोन मुले, अडीच एकर द्राक्षबाग आणि विकास सोसायटीचे कर्ज. तिरडीची तयारी चालू असताना आम्ही सर्व पुरुष बाहेर अंगणात होतो. आतून रडण्याचा आवाज एकदम वाढला, मग क्षणभर शांतता झाली, आणि त्या शांततेत काकणे फुटल्याचा आवाज आला. अंगणात त्या वेळी ठरावाला हात वर करणारी निदान चाळीस माणसे उभी असतील. सरपंच होते, मी होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या. आणखी एक गोष्ट लिहिणे मला जड जाते, पण ती लिहिल्याशिवाय प्रश्न पूर्ण होणार नाही. वहिनीच्या हातातील काकणे फोडली ती माझ्या आईने. ती स्वतः चौदा वर्षांपूर्वी विधवा झालेली आहे.

त्या दिवसापासून मी स्वतःला विचारतो आहे की, माझा विचार बदलला होता असे मी कशावरून म्हणत होतो? ग्रामसभेत बोलताना तो खराच होता. मी कोणाला दाखवण्यासाठी बोललो नव्हतो. मग अंगणात उभे असताना तो विचार कोठे गेला? आणि माझ्या आईचे काय? जिने हे सर्व सोसले, तिचा विचार तर सर्वांत आधी बदलायला हवा होता.

आपल्या सातारा-सांगली भागाने महाराष्ट्राला विचार दिला, असे आपण नेहमी अभिमानाने सांगतो. महात्मा फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव, आगरकरांचा जन्म कराडजवळच्या टेंभूचा. या मातीत दीडशे वर्षांहून अधिक काळ हे बोलले जात असताना माझ्या घराच्या उंबरठ्याच्या आत ते का पोहोचले नाही? माणसाचा विचार आधी बदलतो आणि मग वागणे बदलते, की वागणे बदलल्यावर विचार त्याच्या मागून येतो? ज्यांनी स्वतःमध्ये किंवा आपल्या घरात असा बदल घडताना पाहिला आहे, त्यांनी कृपया अनुभवातून लिहावे. ‘प्रबोधन झाले पाहिजे’ हे मलाही माहीत आहे. ते मीच भाषणात सांगत आलो आहे.

वडाची पारंबी (सातारा, निवृत्त शिक्षक)

आपण जे लिहिले ते लिहायला धैर्य लागते. आपला शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्यापुरते त्याचे उत्तर स्पष्ट आहे: माझे वागणे आधी बदलले, विचार पुष्कळ मागून आला.

मी माण तालुक्यातील एका कोरडवाहू गावचा. १९६४ मध्ये सातवीनंतर मला साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात ठेवले गेले. निघताना आजीने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, अभ्यास कर. दुसरी, कोणाच्याही हातचे खाऊ नकोस. आजी वाईट नव्हती. तिला जे शिकवले गेले तेच ती मला शिकवत होती. वसतिगृहात गेल्यावर पहिल्या दिवशी मी शिदोरीतली भाकरी खाल्ली, दुसऱ्या दिवशी उरलेले कोरडे तुकडे खाल्ले, आणि तिसऱ्या दिवशी भूक लागली. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या होत्या. कोणी पीठ मळायचे, कोणी सरपण आणायचे, कोणी भाकरी भाजायची, आणि पाळीमध्ये जात पाहिली जात नव्हती. आठवड्याभरात माझ्याही हाताला पीठ लागले. त्या आठवड्यात मला समतेचे भाषण कोणी दिले नाही. दिले असते तरी त्या वयात मी ते ऐकून सोडून दिले असते.

त्यानंतरच्या दिवाळीत वसतिगृहातला एक मित्र माझ्याबरोबर गावी आला. आजीने मला चुलीपुढे वाढले आणि त्याला पडवीत. मी माझे ताट उचलले आणि पडवीत जाऊन त्याच्याशेजारी बसलो. मी बंड केले असे कृपया समजू नये, कारण तसे काही माझ्या मनात नव्हते. तीन-चार महिने ज्याच्याबरोबर रोज जेवलो, त्याच्यापासून लांब बसून घास गिळणे मला जमेना, एवढेच. आपण नेमके काय केले याचा विचार मी पुढे महाविद्यालयात गेल्यावर केला, आणि त्याला नाव देणारी पुस्तके त्याहून नंतर वाचली.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे मोठेपण मला येथे दिसते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे त्यांनी संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये ते काम साताऱ्यात आणले आणि निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेवली. १९२७ मध्ये त्या वसतिगृहाला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव महात्मा गांधींच्या हस्ते दिले गेले. भाऊराव सत्यशोधक विचारांचे होते आणि गावोगाव फिरून ते बोलतही असत, तरी त्यांनी केवळ व्याख्यानांवर विसंबून न राहता एकत्र राहण्याची, एकत्र राबण्याची आणि एका पंक्तीत जेवण्याची व्यवस्था उभी केली. व्याख्यान ऐकून माणूस घरी जातो, आणि घरात जुनीच व्यवस्था त्याची वाट पाहत असते. आपल्या ग्रामसभेचे तेच झाले, असे मला वाटते. ठराव सभेत झाला. घराच्या आत त्या दिवशी काय करायचे याची नवी रीत मात्र कोणी बसवली नव्हती. दुःखाच्या वेळी माणूस विचार करत नाही, हाताला जे ठाऊक असते तेच करतो.

आणखी एक आठवण द्यावीशी वाटते, कारण ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी पैसे उरले नाहीत तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. पती हयात असताना, त्या काळातल्या बाईने, सौभाग्यलेणे परक्या लेकरांच्या भाकरीसाठी काढून द्यावे, ही गोष्ट आम्ही शाळांतून मुलांना त्यागाची कथा म्हणून सांगत आलो. तीस वर्षे मीही तशीच सांगितली. आपला प्रश्न वाचल्यावर प्रथमच माझ्या लक्षात आले की ती विचाराचीही कथा आहे. त्या दागिन्याचे मोल पतीच्या असण्या-नसण्यावर आहे की आपण त्याचे काय करतो यावर आहे, याचा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतः घेतला होता. तो अर्थ मी एकाही वर्गात उलगडून सांगितला नाही, याची मला आज खंत वाटते.

कुंडलकर (पलूस तालुका)

सरांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पूर्णपणे मान्य नाही. वागणे बदलले की विचार मागून येतोच असे नाही. आमच्या गावचेच उदाहरण देतो.

१९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले, आणि आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही तेव्हा त्यातच होता. लोक रेल्वेवरचा आणि खजिन्यावरचा हल्ला लक्षात ठेवतात. पण प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालवली, दारूबंदी केली, सावकारीला आळा घातला आणि गांधी विवाह लावले: हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही, हार घालायचे आणि लग्न लागले. माझ्या आजोबा-आजींचे लग्न १९४५ मध्ये याच पद्धतीने झाले. आजी सांगत असे की लग्नाला आलेल्यांना गूळ वाटला आणि दुपारी घरचे लोक शेतावर गेले.

त्याच घरात दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचे लग्न झाले. त्यासाठी जमीन गहाण पडली नाही इतकेच समाधान. बाकी मांडव, मिरवणूक, आहेर, नऊशे माणसांच्या पंगती हे सर्व झाले. आजोबांचा फोटो हार घालून मांडवात ठेवला होता. मग त्या तीन-चार वर्षांत जे वागणे बदलले होते, त्याच्यामागून विचार का आला नाही? मला वाटते, चळवळीचा धाक आणि चळवळीची ऊब या दोन्ही गोष्टी होत्या तोवर लोक तसे वागले. पुढे आमच्या भागात उसाचे आणि द्राक्षांचे पैसे आले, प्रतिष्ठा दाखवण्याची साधने वाढली, आणि साधे लग्न हे दारिद्र्याचे लक्षण ठरले. त्या लग्नामागचे कारण ज्यांना खरोखर पटले होते त्यांनी ते पुढच्या पिढीला कारणासह सांगितले नाही. गोष्ट म्हणून सांगितले. म्हणून मी विचाराला दुय्यम मानायला तयार नाही. पटलेले नसेल तर वारे फिरताच वागणेही फिरते.

कायद्याचेही तसेच आहे. विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला, आणि तरीही १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरुडच्या त्यांच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. मध्ये सदतीस वर्षे गेली होती.

अंगणवाडीताई (कोरेगाव तालुका, जि. सातारा)

दादा, मी आपल्या वहिनींच्या जागेवरून लिहिते. मला हे दिवस येऊन नऊ वर्षे झाली.

माझ्या वेळी ठराव वगैरे काही नव्हते. जे व्हायचे ते सर्व झाले आणि मीही त्याला नाही म्हटले नाही, कारण त्या दिवशी बाईला नाही म्हणण्याचे भान नसते. नंतर मी कामावर जाऊ लागले. लहान मुले फार खरे बोलतात, एका मुलीने विचारले, “बाई, तुमची टिकली हरवली का?” तिच्या त्या प्रश्नाने मला जे वाटले ते कोणत्याही व्याख्यानाने वाटले नव्हते. मी पर्समध्ये टिकल्यांचे पाकीट ठेवायला लागले. घरातून तशीच निघायचे, एसटी स्टँडवर टिकली लावायचे, आणि परत येताना गाडीतून उतरण्यापूर्वी काढून टाकायचे. असे मी जवळजवळ तीन वर्षे केले. सासूबाईंना वाईट वाटेल, त्यांच्या लेकाची आठवण मी पुसली असे त्यांना वाटेल, ही भीती होती.

एके दिवशी मुख्य सेविकांच्या बैठकीला जायचे होते. आवरून बाहेर आले तर आरशाजवळ कुंकवाची डबी उघडून ठेवलेली होती. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. मी कुंकू लावले आणि निघाले. पुष्कळ दिवसांनी त्यांनी सांगितले की, त्यांना पहिल्या महिन्यातच कळले होते. गावातल्या कोणीतरी मला स्टँडवर पाहून त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी त्या बाईला “मीच सांगितलंय लावायला” असे उत्तर दिले होते. तीन वर्षे मी त्यांच्यापासून लपवत होते आणि तीन वर्षे त्या मी आपण होऊन लावीन याची वाट पाहत होत्या, कारण ‘लाव’ असे सुनेला सांगितले तर लोक काय म्हणतील आणि सुनेलाही कसे वाटेल, याची त्यांनाही भीती होती. आम्हा दोघींचा विचार बदललेला होता. तो दोघींनी एकमेकींना सांगितला नव्हता. त्या तीन वर्षांचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी गोष्ट आपल्या साताऱ्याचीच. नको असताना झालेल्या मुलींना ‘नकुशी’ म्हणण्याची रीत आपल्याकडे होती, आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आमच्या गावातही अशी एक मुलगी होती. कार्यक्रमानंतर घरातली मोठी माणसे तिला जुन्याच नावाने हाक मारत राहिली. जीभ वळत नाही म्हणायची. शाळेत मात्र आठ दिवसांत जुने नाव संपले, कारण हजेरीत रोज सकाळी नवे नाव मोठ्याने पुकारले जायचे आणि ती उभी राहून “हजर” म्हणायची. वर्षभराने तिचा धाकटा भाऊ शाळेत आला, त्याने ते नाव घरी नेले. म्हणून मला सर आणि कुंडलकर दादा दोघेही बरोबर वाटतात: रोज करावे लागते, आणि कारणही माहीत असावे लागते.

एक कळकळीचे सांगणे आहे. टिकली आणि बांगड्या यांवर बोलताना सात-बारा विसरू नका. वारस नोंदीसाठी वहिनींचे आणि मुलांचे नाव लागले आहे का? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी ही पहिल्या वर्गातील वारस आहे. माझे नाव लागायला दोन वर्षे गेली, आणि ती दोन वर्षे मी घरात कोणाशीही मान वर करून बोलले नाही. नाव लागले त्या दिवशी माझा स्वतःविषयीचा विचार बदलला. आपल्या पायाखाली आपली जमीन असली की बाईला “नको” म्हणता येते.

संध्याकाळचा भोंगा (सांगली, समाजशास्त्राचा अध्यापक)

ताईंनी जे सांगितले त्यावर वर्गात मी एक संपूर्ण तास बोलतो, पण त्यांच्याइतके स्पष्ट मला कधी सांगता आलेले नाही. प्रत्येकाला मनातून प्रथा नकोशी असते, परंतु बाकी सर्वांना ती हवी आहे असे प्रत्येक जण धरून चालतो. त्यामुळे जिला कोणाचाच मनापासून पाठिंबा उरलेला नाही, अशी प्रथाही सर्वांच्या हातून चालू राहते. समाजमानसशास्त्राने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच ही स्थिती ओळखली होती. द्राक्षवेल यांच्या अंगणातील खाली घातलेल्या चाळीस माना मला याच स्थितीच्या वाटतात.

यावर प्रश्न येतो की, ग्रामसभेत तर हात वर झाले होते, मग गैरसमज राहिला कसा? सभेत हात वर करायला काहीच मोल द्यावे लागत नाही. त्यामुळे त्या हातांवरून प्रत्यक्ष प्रसंगी कोण पुढे येईल हे कोणालाच कळले नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलेली कल्पना येथे उपयोगी पडते. प्रत्येक माणसाला नवी गोष्ट करण्यापूर्वी ती करणारी काही माणसे समोर दिसावी लागतात. कोणाला एक पुरते, कोणाला दहा लागतात, कोणाला अर्धे गाव. एकही न लागणारा, म्हणजे पहिला उठणारा, त्या जागी नसेल तर एकाची वाट पाहणाराही उठत नाही आणि मग कोणीच उठत नाही. गावाचा विचार बदलूनही गाव जसेच्या तसे दिसते. त्या दिवशी आपण पहिले उठला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मी आपणांस टोचण्यासाठी विचारत नाही. आपण तो स्वतःला आधीच विचारला आहे.

ही वाट पाहणे मोडण्याचा एक मार्ग म्हणजे सर्वांनी एकाच वेळी करणे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवले जातात. मुलांनी अभ्यास करावा असे प्रत्येक आई-बापाला आधीही वाटत होते, पण शेजारच्या घरातून मालिकेचा आवाज येत असताना आपल्या घरचा संच बंद ठेवणे अवघड जाते. भोंग्याने कोणाचे मत बदलले नाही. सर्वांची वेळ एक केली. माझे हे टोपणनाव तेथूनच घेतलेले आहे.

सर आणि कुंडलकर यांच्या वादाविषयी थोडेसे. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडले की, माणसाचे वागणे आणि त्याचे मत यांत विसंगती राहिली की त्याला अस्वस्थ वाटते, आणि ती मिटवण्यासाठी तो पुष्कळदा मत बदलून वागण्याशी जुळवून घेतो. मात्र त्यासाठी ते वागणे आपण होऊन केलेले वाटावे लागते. ‘मला भाग पाडले’ असे म्हणण्याची सोय असेल तर मत जागचे हलत नाही. सरांनी ताट स्वतः उचलले होते. गांधी विवाह ज्यांनी मनाने केला त्यांचे आणि ज्यांनी चळवळीच्या धाकाने केला त्यांचे पुढे वेगवेगळे झाले असणार.

शेवटी एका जुन्या घटनेची आठवण देतो, कारण ती मला आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विधवांच्या केशवपनाविरुद्ध पुष्कळ लिहिले आणि बोलले जात होते. त्या वेळी मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी एकत्र येऊन, विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असे ठरवले. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत बदलण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. ज्या हातांनी ती गोष्ट घडत होती, तेच हात त्यांनी थांबवले. आपल्या गावात हे काम कोणाचे हात करतात? आपण ठराव सर्व गावासाठी केला, पण त्या बायकांशी कधी बोललात का?

द्राक्षवेल

सर्वांचे उत्तर वाचून लगेच लिहिले नाही, कारण आधी आईशी बोलणे भाग होते. तसे बोलायला मला नऊ दिवस लागले.

आमच्या भावकीत अशा वेळी तीन बायकांना बोलावतात. तिघीही विधवा आहेत. आई त्यांतली एक. रात्री जेवणे झाल्यावर मी तिला सरांनी लिहिलेली लक्ष्मीबाईंची गोष्ट वाचून दाखवली आणि मग विचारले की, तू ते का केलेस. मला वाटले होते ती ‘रीत आहे’ म्हणेल, किंवा रागावेल. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने आपले मनगट दिव्याखाली धरले. तिथे एक पांढरी रेघ आहे. ती मी लहानपणापासून पाहिलेली नाही; ती चौदा वर्षांची आहे. माझे वडील गेले त्या दिवशी काकणे दगडावर आपटून फोडताना काच आत गेली होती, आणि दुखवट्यात कोणाचे तिकडे लक्ष नव्हते. आई म्हणाली, “मी नसते उठले तर दुसरी उठली असती. मी पोरीच्या हाताला पदर गुंडाळला आणि एकेक करून फोडली. तिला खरचटलं पण नाही.”

अंगणात मी ऐकलेली शांतता म्हणजे आई तिच्या हाताला पदर गुंडाळत होती ती वेळ होती. तिचा विचार बदललेला नाही असे मी येथे लिहिले होते. ते मी मागे घेतो. तिला जेवढे करता येईल असे वाटले तेवढे तिने केले, आणि मी तेवढेही केले नाही.

मी तिला विचारले की, पुढच्या वेळी तुम्ही तिघींनी नाही म्हटले तर? ती म्हणाली की उरलेल्या दोघींना ती सांगू शकेल, त्यांच्याही मनात तेच असणार, पण बाहेर पुरुष गप्प राहणार असतील तर आत तिघींना बोल लागेल. तिने माझ्याकडून एक कबूल करून घेतले आहे: अशी वेळ पुन्हा आली तर मी अंगणात थांबायचे नाही, आत येऊन तिच्याशेजारी उभे राहायचे, आणि ‘नको’ हा शब्द आधी मी उच्चारायचा. मी सरपंचांना हे सांगितले. ते म्हणाले, मीही येतो. आता दोन झाले.

ताई, वारस नोंदीचा अर्ज गेल्या सोमवारी तलाठी कार्यालयात दिला आहे. वहिनी स्वतः आल्या होत्या आणि सही त्यांनीच केली. हातात काकणे नव्हती. त्यांनी ती पुन्हा भरावीत की नाही, याविषयी आम्ही घरात कोणीही काही बोलायचे नाही असे ठरवले आहे. आईने तेवढी एक गोष्ट केली: बाजारातून येताना हिरव्या काकणांची जोडी आणली आणि वहिनींच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, त्यांना दिसेल अशी ठेवली.